खेळांच्या नोंदवहीत काय घ्यावे आणि काय वगळावे?

डिचोलीचा शिक्षक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवतो. यंदा चौथीच्या मुलांकडून गावातील खेळांची नोंदवही लिहून घ्यायचे आम्ही ठरवले. मुलांनी घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारायचे, एका खेळाला एक पान द्यायचे आणि प्रत्येक पानावर मी आखून दिलेले पाच रकाने भरायचे, अशी योजना होती. खेळाचे नाव, भिडू किती, साहित्य कोणते, नियम काय आणि शेवटी जिंकते कोण, असे ते रकाने. ते आखताना त्यांत काही अडचण येईल असे मला वाटले नव्हते.

लगोरी, विटीदांडू, गोट्या, लपंडाव, कबड्डी ही पाने नीट भरून आली. फुगडीच्या पानावर मात्र 'जिंकते कोण' या रकान्यात एका मुलीने आधी 'जी दमत नाही ती' असे लिहिले होते आणि मग ते खोडून रकाना मोकळा ठेवला होता. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, एक दमली की दोघींचीही फुगडी सुटते." भातुकलीच्या पानावर नियमांच्या जागी 'जी आई होते ती सांगेल ते' एवढेच होते. एका मुलाने देवळात काल्याच्या रात्री होणारा दशावतारी खेळ नोंदवला. त्याला चूक तरी कसे म्हणावे, कारण आपण सगळेच त्याला खेळ म्हणतो. दुसऱ्याने आजोबांकडून ऐकलेली बैलांची धिरयो, म्हणजे झुंज, लिहून आणली. तिसऱ्याने जत्रेत फाशांवर पैसे लावतात तो प्रकार साहित्य आणि नियमांसह अतिशय व्यवस्थित लिहिला, इतका की पाचही रकाने त्याच्याइतके काटेकोर कोणीच भरलेले नाहीत. एका मुलीच्या पानावर 'भिंतीवर चेंडू मारून झेलणे, भिडू १' असे आहे आणि जिंकणाऱ्याच्या रकान्यात तिने 'मी' असे लिहिले आहे.

काय ठेवावे आणि काय काढावे हे ठरवण्यासाठी मी व्याख्या शोधू लागलो. करमणुकीसाठी केलेली कृती म्हणजे खेळ असे म्हटले, तर गाणे ऐकणेही त्यात येते आणि पगार घेऊन फुटबॉल खेळणारा खेळाडू बाहेर पडतो. नियम हवेत असे म्हटले, तर भातुकली निसटते, आणि नियम तर रहदारीलाही असतात. हार-जीत हवी म्हटली, तर फुगडी जाते आणि कोर्टातला खटला आत येतो. मुलांना कारण न सांगता त्यांचे पान काढून टाकणे मला योग्य वाटत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो, की खेळाची नेमकी व्याख्या होऊ शकते का, आणि होत नसेल, तर एक पान ठेवताना व दुसरे काढताना मी मुलांना काय सांगावे?

फोंड्याचा वाचक

सर, आपण जिथे अडला आहात, तिथे विसाव्या शतकातील एक मोठा तत्त्वचिंतक जाणूनबुजून येऊन थांबला होता. लुडविग विट्गेन्श्टाइन यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९५३ साली, त्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला आहे: पटावरचे खेळ, पत्त्यांचे खेळ, चेंडूचे खेळ, मैदानी स्पर्धा, या सगळ्यांत समान असे काय आहे? आणि त्यांचे सांगणे असे, की काहीतरी समान असलेच पाहिजे असे आधीच ठरवू नका, प्रत्यक्ष पाहा. पाहत गेलात तर असे दिसते, की पटावरच्या खेळांकडून पत्त्यांकडे येताना काही लक्षणे टिकतात आणि काही गळतात, तिथून चेंडूकडे वळलो की आणखी काही गळतात आणि काही नवी उगवतात. जिंकणे-हरणे एकात असते, दुसऱ्यात नसते. कौशल्य दोन्हीकडे लागते, पण बुद्धिबळातले कौशल्य वेगळे आणि टेनिसमधले वेगळे. एखाद्या घरातल्या माणसांत कोणाचे नाक, कोणाची चाल, कोणाचे डोळे जुळतात, पण एकच खूण सगळ्यांत सापडत नाही, तसे हे साम्य असते. मराठीत त्याला कुलसाम्य म्हणता येईल.

त्यांनी यासाठी कातलेल्या धाग्याचा दाखला दिला आहे. धाग्याची बळकटी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या एखाद्या तंतूत नसते, तर अनेक तंतू एकमेकांवर चढत जातात त्यात असते. आपल्याकडे नारळाच्या सोडणाच्या काथ्यापासून सुंभ वळताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. काथ्याचा एकेक तंतू जेमतेम वीतभर असतो, आणि त्यातून बैल बांधण्याइतकी लांब दोरी होते.

आपल्या प्रश्नाशी आणखी एका गोष्टीचा फार जवळचा संबंध आहे. विट्गेन्श्टाइन १९२० ते १९२६ या काळात ऑस्ट्रियातील खेडेगावांत प्राथमिक शिक्षक होते, आणि मुलांच्या वापरातले शब्द घेऊन त्यांनी प्राथमिक शाळांसाठी एक छोटा शब्दकोश तयार केला, तो १९२६ साली छापला गेला. तेव्हा मुलांच्या हाताने नोंदी करवून घेणारा मनुष्य आपल्याला परका नाही. १९५३ च्या त्या ग्रंथात एक टीप आहे: कोणी मला म्हणाले, 'मुलांना एखादा खेळ शिकव', आणि मी त्यांना फाशांवर पैसे लावायला शिकवले, तर तो म्हणेल, 'मला असला खेळ म्हणायचे नव्हते.' मग 'खेळ' हा शब्द उच्चारताना त्याच्या मनात जुगार वगळण्याचा विचार आधीच आलेला असला पाहिजे का? विट्गेन्श्टाइन यांचे उत्तर नकारार्थी आहे. सीमा आधी आखलेली नसते. एखाद्या कामासाठी ती हवी असेल तर आखता येते, आणि ती आखलेली नसतानाही शब्द अडत नाही. 'तिठ्यावर वडाकडे थांब' असे आपण एखाद्याला सांगतो, तेव्हा जमिनीवर खडूने चौकोन काढून देत नाही, तरी तो मनुष्य बरोबर जागी सापडतो.

जर्मन भाषेतल्या ज्या शब्दावरून त्यांनी हा विचार केला, तो शब्दही आपल्या 'खेळ'सारखाच ऐसपैस आहे. मुलांचे खेळणे, पत्त्यांचा डाव आणि रंगमंचावरचा प्रयोग या तिन्ही ठिकाणी तो येतो. म्हणून दशावताराचे पान आणणाऱ्या मुलाने भाषेकडे लक्षपूर्वक पाहिले आहे, असेच मी म्हणेन.

मडगावचा बुद्धिबळ शिक्षक

वरील विवेचन सुरेख आहे, पण तिथे थांबणे मला पटत नाही. 'पाहा' हा सल्ला चांगला असला, तरी खुद्द विट्गेन्श्टाइन पुरेसा वेळ पाहत राहिले नाहीत, असा आक्षेप तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली घेतला आणि व्याख्या करून दाखवली. ती थोडक्यात अशी: अनावश्यक अडथळे पार करण्याचा स्वखुशीने केलेला प्रयत्न म्हणजे खेळ.

सरांच्याच वहीतली लगोरी घ्या. विखुरलेल्या ठिकऱ्या एकावर एक रचायच्या, एवढेच काम असेल तर ते अर्ध्या मिनिटाचे आहे. पण आपण मध्ये एक चेंडू आणतो, तो अंगावर बसला की बाद व्हायचे ठरवतो, आणि सोपे काम हौसेने अवघड करून घेतो. फुटबॉलमध्ये चेंडू जाळ्यात पोचवायचा, तर हातात घेऊन धावणे सर्वांत सोपे, पण तेच आपण स्वतःला मना करतो. सूट्स यांच्या मते इथे चार गोष्टी एकत्र येतात: खेळाबाहेरही सांगता येईल असे एक साधे उद्दिष्ट, ते गाठण्याची मोजकी मान्य साधने, सोपी साधने मना करणारे नियम, आणि ते नियम केवळ खेळ घडावा म्हणून स्वीकारण्याची वृत्ती. माझ्या मते यातली चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. रहदारीचे नियम आपण रहदारी अवघड व्हावी म्हणून पाळत नाही, म्हणून रहदारी खेळ नव्हे, आणि खटल्यातला पक्षकार हौसेने अडथळे मागून घेत नाही, म्हणून खटलाही खेळ नव्हे. सरांच्या दोन शंका इथेच फिटतात.

२०२५ च्या अखेरीस बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला, तेव्हा माझ्याकडे नुकत्याच शिकू लागलेल्या एका मुलाने विचारले, की राजा समोरच आहे तर उचलून का घेत नाहीत. त्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले, ते जवळजवळ या व्याख्येच्या शब्दांतच होते.

फुगडी आणि भातुकली यांचे काय, असे कोणी विचारील. सूट्स यांनी 'खुला खेळ' अशी एक जात मानली आहे, जिच्यात गाठून संपवण्यासारखे उद्दिष्ट नसते, चालू ठेवणे हेच उद्दिष्ट असते. दोघांनी मिळून चेंडू खाली पडू न देता टोलवत राहणे ही तशी गोष्ट आहे. 'एक दमली की दोघींचीही सुटते' असे म्हणणाऱ्या त्या मुलीने खुल्या खेळाचे लक्षण तंतोतंत सांगितले आहे. आणि धिरयो? तिथे झुंजणाऱ्यांनी ती झुंज स्वखुशीने पत्करलेली नसते. बैल हे त्या खेळाचे भिडू नाहीत, फार तर साहित्य आहेत, आणि असे म्हणताना मला जे अवघडल्यासारखे होते, ते मला योग्य वाटते. फाशांचा जुगार मात्र या व्याख्येने बाहेर काढता येत नाही, हे मान्य करतो.

सत्तरीची लेक

मी शिक्षिका नाही आणि तत्त्वज्ञानही शिकलेले नाही. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर लहानपणापासून धालो खेळत आणि फुगड्या घालत आले, म्हणून लिहिते.

आपण सगळे 'खेळ' या नामाकडे पाहता आहात. मला वाटते, त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहिली तर बरेच काही दिसेल. पत्ते खेळतात, पण पतंग उडवतात. झिम्मा खेळतात, फुगडी मात्र घालतात. कोडेही घालतात. सोंगट्यांचा पट मांडतात, भातुकली मांडतात आणि मोडतात. आणि धालो खेळतात. पौषातल्या रात्री समोरासमोर दोन रांगा धरून, गाणे म्हणत, पुढे-मागे पावले टाकत आम्ही जे करतो, त्याला पाहणारा नाच म्हणेल, पण आमच्या तोंडात 'धालो खेळूया' हेच येते. पुरुषांचा शिगमाही खेळलाच जातो. त्यात ना कोणी जिंकत, ना अडथळा मुद्दाम उभा केलेला असतो. मडगावच्या सरांची व्याख्या मला पटली, पण ती लावल्यावर धालोतले जे उरते ते धालो नव्हेत, एवढे नक्की.

धालो मांडावर होतात. मांड म्हणजे वाड्यावरची ती ठरलेली जागा. आमच्याकडे तिथे एरवीसुद्धा कोणी चपला घालून जात नाही. तिथे पाऊल टाकताना आधी नमन होते, आणि मग शेवटच्या रात्री सोंगे काढून बायका नवऱ्यांच्या चालीबोलीची नक्कल करतात, खूप हसतात. बाहेर ज्या बोलण्याचा राग आला असता, ते मांडावर कोणी मनाला लावून घेत नाही. योहान हॉयझिंगा नावाच्या डच इतिहासकारांनी १९३८ साली असे मांडले, की खेळ नेहमी आखून घेतलेल्या जागेत आणि वेळेत होतो, आणि या बाबतीत पत्त्यांचे मेज, रंगमंच, देऊळ व न्यायालय एकाच जातीच्या जागा आहेत. माझ्या मुलीने हे मला वाचून दाखवले तेव्हा मला पहिल्यांदा मांडच आठवला.

सर, एकच विनंती. धालोचे पान आले तर त्यात 'जिंकते कोण' हा रकाना ठेवू नका. तो कोरा राहिला की मुलीला वाटते आपले उत्तर अपुरे आहे, आणि त्यात काही अपुरे नसते.

म्हापशातील वकील

कायद्याने तरी खेळाची व्याख्या केली असेल, अशी पुष्कळांची समजूत असते, म्हणून त्या बाजूने लिहितो. ब्रिटिश काळातल्या १८६७ च्या जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली, पण खेळ म्हणजे काय हे सांगितले नाही. त्यानंतरचा सगळा वाद कौशल्य आणि नशीब यांच्यातल्या रेषेवर झाला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, कारण कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते आणि कोणते पान धरावे, कोणते टाकावे, याला बुद्धी लागते. तीन पत्तीला मात्र न्यायालयाने नशिबाच्या बाजूला ठेवले. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या ठरल्या.

गोव्यात १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा आहे. त्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत पैसे लावून खेळायची यंत्रे चालवण्यास वाट मिळाली आणि पुढे १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरचे मेजावरील खेळ आले. मांडवी नदीत दिव्यांनी उजळलेली कॅसिनोची जी जहाजे दिसतात, त्यांचा पाया हाच आहे. म्हणजे तेच फासे जत्रेत पकडले गेले तर गुन्हा होतो आणि परवाना असलेल्या जहाजावर टाकले तर होत नाही. फाशांत काहीच फरक नसतो, फरक आपण आखलेल्या रेषेत असतो. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य-नशीब हा भेदच बाजूला सारला. या कायद्यात ऑनलाइन खेळाची व्याख्या आहे. ती अशी सुरू होते, की ऑनलाइन खेळ म्हणजे असा कोणताही खेळ, जो इलेक्ट्रॉनिक उपकरणावर खेळला जातो. खेळाची व्याख्या 'खेळ' याच शब्दाने करून कायदा पुढे जातो, आणि मला यात कायद्याचा दोष दिसत नाही. काय थांबवायचे आहे हे त्याला ठाऊक होते, आणि तेवढ्यापुरती रेषा त्याने आखली.

सरांनीही तेच करावे. वही शाळेची आहे, लिहिणारी मुले नऊ वर्षांची आहेत. जुगाराचे पान काढताना 'हा खेळच नव्हे' असे मुलाला सांगू नये, कारण ते खरे नाही. 'हा खेळ आपण या वहीत घेत नाही' असे सांगावे आणि कारणही सांगावे. धिरयोबाबत उच्च न्यायालयाची बंदी १९९० च्या दशकापासून आहे, ती माहिती पानावर यायला हवी.

पेडण्याचा रहिवासी

माझे बालपण सावंतवाडीचे. तिथल्या गोल गंजिफा सगळ्यांना माहीत आहेत. दशावतारी गंजिफांच्या एका संचात प्रत्येक अवताराची १२ अशी १२० पाने असतात. आता ती पाने भेट म्हणून दिली जातात, काचेत लावली जातात, पण त्यांवर डाव मांडणारी माणसे मला क्वचितच भेटली आहेत. नियम आहेत, साहित्य आहे आणि खेळणारा नाही, तेव्हा तो खेळ आहे की खेळ होता, हे मला सांगता येत नाही.

मडगावच्या सरांना एक विचारायचे आहे. आमच्यात अगदी लहान भावंडाला 'कच्चा लिंबू' करून घ्यायचे. तो सगळ्यांबरोबर धावायचा, ओरडायचा, पण तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. नियम त्याला लागू नव्हते, आणि ते लागू नाहीत हे त्याला ठाऊकही नव्हते. नियम स्वीकारण्याची वृत्ती हा जर खेळाचा प्राण असेल, तर कच्चा लिंबू खेळत होता की नव्हता? मी स्वतः तीन वर्षे कच्चा लिंबू होतो आणि मी खेळत होतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मडगावचा बुद्धिबळ शिक्षक

तो प्रश्न मला निरुत्तर करतो, हे प्रांजळपणे लिहितो. एवढेच म्हणता येईल, की त्याच्यासाठी इतरांनी एक वेगळा नियम केला होता आणि तो ते काटेकोरपणे पाळत होते. पण यातून तो स्वतः काय करत होता याचे उत्तर मिळत नाही.

डिचोलीचा शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर वर्गात या उत्तरांवर बोललो. सत्तरीच्या ताईंचे ऐकून 'जिंकते कोण' हा रकाना सगळ्याच पानांवरून काढला आणि त्या जागी 'खेळ कसा संपतो' असा घातला. मुलांना तो आधीच्यापेक्षा सोपा गेला. फुगडी: 'एक दमली की.' भातुकली: 'जेवायला हाक आली की.' दशावताराच्या पानावर त्या मुलाने 'सकाळी दहीहंडी फुटली की' असे लिहिले आहे आणि ते पान मी ठेवले आहे. भिंतीवर चेंडू मारणाऱ्या मुलीने 'चेंडू पडला की, पण मी परत सुरू करते' असे लिहिले. नियमांच्या रकान्याखाली 'कच्चा लिंबू चालतो का' अशी एक ओळ मुलांनीच वाढवली.

फाशांचे पान वकील साहेबांनी सुचवल्याप्रमाणे कारण सांगून परत केले. मुलाने विचारले, की मग रमी चालेल का, आणि मी होय म्हणालो, पैशांशिवाय. धिरयोचे पान अजून माझ्याकडेच आहे. 'भिडू' या रकान्यात त्याने 'दोन बैल' असे लिहिले होते. बैलांना कोणी विचारले होते का, असे मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, की कच्च्या लिंबालाही कोणी विचारत नाही. यावर मला उत्तर सुचलेले नाही, म्हणून न्यायालयाच्या बंदीची नोंद करून पान तूर्त बाजूला ठेवले आहे.

धालोचे पान कोणी आणले नव्हते. ताईंचे उत्तर वाचून दाखवल्यावर तीन मुलींनी ते लिहायची इच्छा दाखवली. मी पुरुष असल्यामुळे मांडावर जाऊन पाहणार नाही. पौषात त्या आपल्या आयांबरोबर जातील आणि घरच्या बायका लिहायला हरकत नाही म्हणतील तेवढेच लिहितील. तोवर वहीत त्या नावाचे एक पान रकाने न आखता मोकळे सोडले आहे.